अढळ ध्रुवाचे स्पंदन

पालघरच्या पश्चिमेस सातपाटी आणि वडराई. उत्तरेस बोईसरला उतरून समुद्राकडे वळले की तारापूर आणि चिंचणी. या किनाऱ्यावर वैशाखातल्या रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांतील पुलह आणि क्रतू यांना सांधणारी रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढविली की एकाकी, बेताच्या तेजाचा एक तारा सापडतो. तोच ध्रुव. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे दहा अंशांची भरते, आणि येथे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी उंच दिसतो. कारण या गावांचे अक्षांश वीसच्या आसपास आहेत. जेवढे अक्षांश तेवढी ध्रुवाची उंची, या एका नियमावर अरबी समुद्रातील जुनी जहाजे चालत. गाठी मारलेली दोरी आणि लाकडाची एक फळी, ज्याला ‘कमाल’ म्हणत, एवढ्या साधनावर तांडेल आपले बंदर ओळखी.

समुद्रावर ध्रुव वाट दाखवी, तसा घरात तो साक्षीला येई. विवाहात वधूवरांना ध्रुवदर्शन घडवितात ते त्याच्यासारखे स्थिर राहण्यासाठी. बाळ ध्रुवाला मिळालेल्या अढळपदाची कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. पण हा तारा खरोखर अढळ आहे काय? या प्रश्नाचा इतिहास आम्हांस आज सांगावयाचा आहे.

पहिली शंका त्याच्या जागेविषयीची. पंधराव्या शतकात पद्मनाभाने रात्रीची वेळ काढण्यासाठी एक यंत्र रचले व त्याला ‘ध्रुवभ्रमयंत्र’ असे नाव दिले. ध्रुवाजवळचे तारे त्या बिंदूभोवती फिरतात, हे त्या नावातच कबूल केलेले आहे. पुढे १६५८ साली काशीत कमलाकर भट्टांनी ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. हे घराणे मूळचे गोदातीरीच्या गोळग्रामचे. ज्याला आपण ध्रुव म्हणतो तो तारा नेमका ध्रुवस्थानी नाही, तोही फिरतो, असे कमलाकरांनी स्पष्ट सांगितले. त्या काळी ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून अडीच अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारे पाचपट अंतरावर होता. आज अयनचलनामुळे तो पाऊण अंशाच्या आत आला आहे. कमलाकर सूर्यसिद्धान्ताचे कडवे अभिमानी. तरीही डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले. दुःख एवढेच की, पुढच्या पिढ्यांनी तो वेध वर्षानुवर्षे चालविला नाही.

दुसरी शंका तेजाविषयीची. ती यायला बराच काळ जावा लागला. ताऱ्याचे तेज कमीजास्त होते ही गोष्टच युरोपात १५९६ मध्ये फाब्रिसियसने तिमिंगलातील एका ताऱ्यावरून उजेडात आणली. १७८४ साली इंग्लंडात जॉन गुडरिक या तरुणाने वृषपर्वा समूहातील एक तारा दर ५ दिवस ९ तासांनी तेजस्वी व मंद होतो हे ताडले. हा मुलगा बहिरा होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याच्याजवळ शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करणारे डोळे आणि रोज टिपण्याची वही एवढेच भांडवल होते. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. गुडरिकच्या ताऱ्यावरून या जातीला ‘सेफीड’ हे नाव पडले.

ध्रुव याच जातीचा निघाला. १८९९ मध्ये अमेरिकेतील लिक वेधशाळेत कँबेल यांना वर्णपटावरून दिसले की, त्याचा पृष्ठभाग सुमारे चार दिवसांच्या फेऱ्याने आपल्याकडे येतो व दूर जातो. १९११ साली हर्ट्झस्प्रुंग यांनी छायाचित्रांवरून सिद्ध केले की त्याच लयीत त्याचे तेजही बदलते. चार दिवसांना सुमारे पाऊण तास कमी, एवढ्यात त्याचे एक स्पंदन पुरे होते. फरक इतका अल्प की नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. म्हणून हजारो वर्षे त्याची कीर्ती अबाधित राहिली.

तारा धडधडतो कशाने? तारापूरला १९६९ पासून अणुशक्तीची वीज होऊ लागली. तेव्हा तेथील लोकांना भट्टी आणि झडप यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. ताऱ्याची भट्टी गाभ्यात असते, पण स्पंदन घडते ते बाहेरच्या थरातील झडपेमुळे. एडिंग्टन यांनी ही झडपेची कल्पना मांडली आणि १९५३ साली झेवाकिन यांनी ती झडप म्हणजे हेलियम वायूचा थर होय असे दाखविले. थर दाबला गेला की तापतो, हेलियमच्या अणूतील उरलेला इलेक्ट्रॉनही सुटतो आणि थर अपारदर्शक होतो. आतली उष्णता कोंडते व थर बाहेर ढकलला जातो. फुगून तो निवला की पुन्हा पारदर्शक होतो, उष्णता निसटते, आणि थर खाली बसतो. भाताच्या पातेल्यावरचे झाकण असेच उडते आणि बसते.

ध्रुवाचे वस्तुमान सूर्याच्या पाचपट, व्यास सुमारे ४६ पट आणि तेज दोन हजार पटींहून अधिक आहे. त्याचे अंतर साधारण साडेचारशे प्रकाशवर्षे. आज येथे दिसणारा त्याचा किरण निघाला तेव्हा या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला, बाजी भिवराव तेथे पडले, त्या दिवशी तो किरण अजून वाटेतच होता.

आता कोणी म्हणेल, अढळ दैवत हिरावून शास्त्राने काय दिले? १९१२ साली हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने दाखविले की, सेफीडचे स्पंदन जितके संथ तितके त्याचे खरे तेज अधिक. स्पंदनाचा काळ मोजावा, खरे तेज काढावे, दिसणाऱ्या तेजाशी ताडावे, की अंतर हाती येते. याच मापाने १९२३ नंतर हबल यांनी देवयानीतील तेजोमेघ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका ठरविली. जुन्या तांडेलाला ध्रुवाच्या उंचीने बंदर सापडे. ज्योतिर्विदांना त्याच्या जातभाईंच्या स्पंदनाने विश्वाचा पैलतीर सापडला.

मात्र ध्रुवाने आपले सारे गूढ उकलू दिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या तेजातील चढउतार दहा टक्क्यांच्या घरात होता. १९९० च्या सुमारास तो दोन-तीन टक्क्यांवर आला. हे स्पंदन थांबणार असे काहींना वाटले, तोच ते पुन्हा वाढू लागले. हे आपणांस कळते ते शंभर वर्षे कोणी ना कोणी आकडे टिपत राहिले म्हणून. आम्ही ध्रुवाला पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार केला, पण त्याचे टिपण ठेवले नाही. कमलाकरांच्या मागे एखादी वही चालू राहिली असती तर तिचे मोल आज केवढे झाले असते!

वही अजूनही सुरू करता येईल. ध्रुवाचा फरक डोळ्यांना दिसत नसला तरी गुडरिकच्या ताऱ्याचा दिसतो. कार्तिकात, बोईसरच्या कारखान्यांचे दिवे पाठीशी टाकून, चिंचणीच्या वाळूवर रात्री आठ वाजता वृषपर्वा पाहावा. त्या ताऱ्याच्या अगदी शेजारी दोन तारे आहेत, एक उजळ आणि एक मंद. आज आपला तारा त्यांपैकी कोणासारखा आहे, एवढेच रोज तारखेसह लिहावे. पंधरा दिवसांत शाळेतल्या मुलालाही त्याचा फेरा स्वतः काढता येईल.