मराठी कान, चिनी सूर

मँडरिन ही अतिशय अवघड भाषा, हे आपण ऐकून असतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकाला हिंदीसाठी सुमारे 1100 आणि मँडरिनसाठी 2200 तास लागतात असे धरते. पण हे माप इंग्रजीच्या उंबरठ्यावरून घेतलेले. मराठीच्या उंबरठ्यावरून ते कसे दिसेल, हा माझा प्रश्न.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला परभाषेचा अनुभव जुना. निजामाच्या राज्यात 1884 मध्ये फार्सी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली. मराठी माणसाला उर्दू वाक्य परके नव्हते. क्रियापद शेवटीच येई, ‘अर्ज’, ‘तारीख’, ‘वकील’ हे शब्द तर घरचेच. अडे ते लिपीपाशी. अवघडपणा भाषेत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो असा एखाद्या जागी साठलेला असतो.

मँडरिनमध्ये तो उच्चारात फारसा नाही, असे मला वाटते. रोमन लिपीत ‘बी-पी’, ‘डी-टी’, ‘जी-के’ अशा अक्षरांनी लिहिले जाणारे चिनी वर्ण म्हणजे जवळजवळ आपले प-फ, त-थ, क-ख. ‘चमचा’तला दंत्य च हिंदीत नाही, मँडरिनमध्ये आहे. म्हणून ‘बीजिंग’पेक्षा ‘पेइचिंग’ मुळाला जवळचे. खरी चढण सुरांची. ‘मा’ चार सुरांत म्हटले की आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ. त्यापुढे चिन्हांचा डोंगर. वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार चिन्हे लागतात.

हा डोंगर शेजारच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चढून दाखवला. 1938 मध्ये ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. जखमी सैनिकाला कुठे दुखते हे त्याच्याच भाषेत समजून घेणे भाग होते. पुढे बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झालेले कोटणीस वैद्यकाचे विद्यार्थीही चिनीतून शिकवू लागले. तिथे त्यांचे नाव झाले ‘ख तीह्वा’. ‘ह्वा’ म्हणजे चीन. मुलाचे नाव ‘इन्ह्वा’, भारत आणि चीन एकत्र. 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चीनमध्ये त्यांना जेमतेम सव्वाचार वर्षे मिळाली होती.

इंग्रजी पुस्तकावरून मँडरिन शिकणारा मराठी विद्यार्थी इंग्रजाच्या अडचणीही उसन्या घेतो. जे वर्ण त्याच्या जिभेवर आधीच आहेत, तेच तो ‘बी’ आणि ‘डी’ समजून चुकीचे शिकतो. त्याचे पहिले पाठ्यपुस्तक आपल्या वर्णमालेपासून सुरू व्हायला हवे. मग उरलेला सगळा वेळ सुरांना आणि चिन्हांना देता येईल.