राष्ट्राध्यक्षांच्या छपरावरचा बंब

राजवाड्यांचा इतिहास लिहिताना आपण दिवाणखान्यातच घोटाळत राहतो. सिंहासने, तहनामे, मेजवान्या यांची वर्णने होतात. छपराकडे मात्र कोणाची नजर जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जे व्हाइट हाउस, त्याच्या छपराला मात्र एक वेगळा इतिहास आहे. तो ज्यांनी अडगळीतून उचलून पुन्हा जगापुढे आणला, ते कोणी पंडित नव्हते की मुत्सद्दी नव्हते. एका आडगावच्या लहानशा कॉलेजात शिकणारी ती पोरे होती.

१९७३ साली अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले आणि त्या धनाढ्य देशात पेट्रोलसाठी रांगा लागल्या. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, तेव्हा तीच पाळी पुन्हा आली. मधल्या काळात, १९७७ साली, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले होते. भुईमुगाची शेती करणारा, नौदलात अणुशक्तीचे शिक्षण घेतलेला हा माणूस. घरातील उष्णता कमी करा, अंगात स्वेटर घाला, असे तो आपल्या लोकांना सांगे. सुबत्तेला सोकावलेल्या माणसाला असा उपदेश गोड लागत नाही, हे सांगायला नकोच.

२० जून १९७९ रोजी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या पश्चिम भागाच्या छपरावर बत्तीस सौर पॅनेले बसविल्याचे जाहीर केले. ही पॅनेले वीज करणारी नव्हती. आपल्याकडे ज्याला सौर बंब म्हणतात, त्याच जातीची ती होती. वर काच, खाली काळा पत्रा, त्यातून जाणाऱ्या नळ्या आणि उन्हाने तापणारे पाणी, इतका साधा त्यांचा संसार. विसावे शतक संपेपर्यंत देशाच्या गरजेपैकी वीस टक्के शक्ती सूर्यापासून व तशाच न आटणाऱ्या साधनांपासून मिळवायची, असा संकल्प कार्टर यांनी त्या दिवशी सोडला. बोलता बोलता ते आणखीही एक गोष्ट बोलून गेले. एक पिढी लोटल्यावर हा बंब एखादी गमतीची वस्तू होऊन बसेल, किंवा संग्रहालयात जाईल, किंवा न चोखाळलेल्या वाटेची खूण म्हणून उरेल. नाही तर एका मोठ्या राष्ट्रीय साहसाचा लहानसा आरंभ ठरेल, अशा अर्थाचे ते उद्गार होते. राज्यकर्त्याने आपल्याच कामाच्या अपयशाची शक्यता अशी चारचौघांत बोलून दाखवावी, हे विरळाच.

कार्टर यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. याच माणसाने महिनाभराच्या आत कोळशापासून आणि तेलखडकांपासून कृत्रिम इंधन काढण्याची प्रचंड योजना मांडली. सूर्य आणि कोळसा या दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचाच तो प्रकार होता. पण संशोधनासाठी त्यांनी पैसा दिला, सूर्यशक्तीच्या राष्ट्रीय संस्थेला बळ दिले आणि तिच्या प्रमुखपदी डेनिस हेज यांची नेमणूक झाली. हे हेज म्हणजे २२ एप्रिल १९७० चा पहिला वसुंधरा दिन संघटित करणारे तरुण. त्या दिवशी दोन कोटी अमेरिकन लोकांनी भाग घेतला, असा अंदाज सांगतात. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची ती मूळ कल्पना. वासंतिक सुटी आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधला दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता, कारण कॉलेजातील मुले हाताशी हवी होती. म्हणजे विद्यार्थ्यांच्या अंगणात लागलेले रोपटे नऊ वर्षांत राष्ट्राध्यक्षांच्या छपरापर्यंत वाढले होते.

आणि मग वारे फिरले. नोव्हेंबर १९८० च्या निवडणुकीत कार्टर यांचा दारुण पराभव झाला. पन्नासांपैकी चव्वेचाळीस राज्ये रोनाल्ड रेगन यांनी जिंकली.

रेगन आले आणि त्यांनी पहिल्या झटक्यात ती पॅनेले उखडून फेकली, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट रंगते खरी, पण घडले तसे नाही. पॅनेले आणखी पाच वर्षे तिथेच होती. आधी संशोधनाच्या पैशाला कात्री लागली. १९८१ साली हेज यांना जावे लागले. घरावर सौर बंब बसविणाऱ्याला करात मिळणारी सूट १९८५ अखेर संपली. छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून पॅनेले खाली उतरली ती १९८६ साली, आणि पुन्हा वर चढविणे परवडत नाही, असे सांगण्यात आले. वस्तू शेवटी गेली. धोरण तिच्या कितीतरी आधी गेले होते. देवळातला देव उठून गेला की कळस उतरवायला फारसे धैर्य लागत नाही. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे.

उतरविलेली पॅनेले व्हर्जिनियातील एका सरकारी गोदामात धूळ खात पडली. तिथेच ती मोडीत निघाली असती. परंतु देशाच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, युनिटी नावाच्या खेड्यात त्याच नावाचे एक कॉलेज होते. १९६५ साली स्थापन झालेले, जंगल, पाणी नि वन्यजीव यांचे शिक्षण देणारे आणि पैशाच्या बाबतीत कायम ओढगस्तीत असलेले. तिथल्या एका कर्मचाऱ्याला गोदामातील या ठेव्याचा सुगावा लागला. त्याने सरकारकडे लिहापढी केली. नाममात्र पाचशे डॉलर भरून ती सारी पॅनेले कॉलेजला मिळाली. आणायची कशी? शाळेची एक जुनी बस घेतली, तिच्यातील बाके काढून टाकली आणि १९९१ साली राष्ट्राध्यक्षांचा बंब त्या बसमधून उत्तरेकडे निघाला. त्यांपैकी निम्मी पॅनेले डागडुजी करून कॉलेजच्या भोजनगृहावर चढविण्यात आली. ज्या भागात हिवाळाभर बर्फ पडते, तिथे हा टाकाऊ ठरविलेला बंब पुढे कित्येक वर्षे पाणी तापवीत राहिला.

एखादी वस्तू पुन्हा वापरात आणणे म्हणजे नुसती काटकसर, असे आपण समजतो. पण ती टाकण्यामागचा निवाडाच खोटा पाडण्याची ताकदही त्यात असते. हे चालायचे नाही, असे सरकारने म्हटले होते. युनिटीच्या भोजनगृहात रोज त्याच पाण्याने भांडी धुतली जात होती. याहून सोपा पुरावा तो कोणता?

या पुराव्याला २०१० साली वाचा फुटली. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष होते. हवामानबदलाला आळा घालणारा कायदा त्या उन्हाळ्यात सिनेटमध्ये मतदानालाही न येता बारगळला होता. ज्या तरुणांनी दोन वर्षांपूर्वी दारोदार फिरून ओबामांचा प्रचार केला, त्यांच्या मनात निराशा दाटली होती. त्या सुमारास व्हरमाँटचे लेखक बिल मॅकिबन यांनी युनिटीच्या तीन विद्यार्थ्यांना बरोबर घेतले, एक जुने पॅनेल गाडीला जोडून नेले आणि सप्टेंबरात वॉशिंग्टनचा रस्ता धरला. वाटेत बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथे सभा झाल्या. पॅनेलमध्ये पाणी ओतायचे, उन्हात धरायचे आणि खालून ऊन पाणी निघाले की लोकांना दाखवायचे. कार्टरची कारकीर्द संपल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली ही मुले त्यांचा बंब घेऊन हिंडत होती. मागणी एवढीच, की हे स्वीकारा आणि छपरावर पुन्हा सूर्य बसवा.

१० सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या अधिकाऱ्यांनी त्यांची भेट घेतली. सरकार या दिशेने काय काय करीत आहे, हे सौजन्याने सांगितले. पॅनेल मात्र घेतले नाही आणि छपराबद्दल शब्दही दिला नाही. मुले हिरमुसली. हे का घडले असावे, याचा तर्क करणे अवघड नाही. हरलेल्या राष्ट्राध्यक्षाची वस्तू पुन्हा घरात घेणे म्हणजे त्याची अवकळाही अंगाला लावून घेणे, असा राजकारणात समज असतो. मतांचा हिशेब करणाऱ्याला बंब दिसत नाही; कार्टर दिसतो.

पण एक महिनाही गेला नाही. ५ ऑक्टोबर २०१० रोजी ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर सौर पॅनेले बसविणार असल्याचे जाहीर केले. ती प्रत्यक्ष बसायला २०१३ साल उजाडले. ती नवी होती, वीज निर्माण करणारी होती. युनिटीचे जुने पॅनेल वर गेले नाहीच.

याला विजय म्हणावे काय? छपरावरच्या पॅनेलांनी एका देशाचा धूर कमी होत नाही. सिनेटमध्ये पडलेला कायदा त्यामुळे जिवंत झाला नाही. धोरण गेले की वस्तू जाते, हे १९८० नंतर दिसलेच होते. वस्तू परत आली म्हणजे धोरण आपोआप परत येते असे मुळीच नाही. युनिटीने हे ओळखले असावे, कारण ते तिथे थांबले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोळसा आणि तेल कंपन्यांतील आपली गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय त्या कॉलेजने घेतला. असा निर्णय करणारे ते अमेरिकेतील पहिले कॉलेज. ज्याच्या तिजोरीत फारसे काही नाही, त्याने तिजोरीचा धर्म सांगावा, यात गंमत आहे आणि शहाणपणही आहे.

कार्टर यांनी वर्तविलेल्या शक्यतांचे पुढे काय झाले? त्या बत्तिसांपैकी एक पॅनेल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, एक खुद्द कार्टर यांच्या स्मृतिग्रंथालयात आहे. तिसरे चीनमध्ये, सौर बंबांचा अफाट कारखाना उभारणाऱ्या उद्योगाच्या संग्रहालयात पोचले. अमेरिकेने मोडीत काढलेली वाट कोणी चोखाळली, हे त्यावरून कळते. कार्टर स्वतः २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले. आपल्या बंबाचा हा सारा प्रवास पाहूनच गेले.

राष्ट्राध्यक्षांची मुदत चार वर्षांची, फार तर आठ वर्षांची. कॉलेजातील पोरांची मुदत त्याहूनही थोडी; तीन-चार वर्षांत ती पांगतात. तरीही या गोष्टीत सत्तेने जे टाकले ते शिक्षणसंस्थेने जपले आणि एका पिढीने उतरविलेले ओझे तिसऱ्या पिढीने वाहून दारात नेऊन ठेवले. विद्यार्थ्यांनी राजकारणात पडावे की पडू नये, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालीत आहोत. युनिटीची मुले त्या वादात पडली नाहीत. सरकार जे विसरले होते, ते त्यांनी ऊन पाण्यासकट त्याच्यापुढे नेऊन ठेवले.