मोबाइलद्वारे अवकाश हवामान निरीक्षण : वरूड परिसर

सूर्यावरील उद्रेकांमुळे पृथ्वीभोवती जी उलथापालथ होते तिला अवकाश हवामान म्हणतात. जमिनीवरून तिचा माग आयनांबरात चांगला लागतो. उपग्रहाचा संदेश या विद्युतभारित थरातून येताना रेंगाळतो; कंप्रता कमी असेल तर अधिकच. म्हणून जीपीएसचे एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्‌झ) आणि एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्‌झ) हे दोन्ही संदेश पकडणाऱ्या फोनला त्यांच्या विलंबातील फरकावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. गूगलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात लाखो अँड्रॉइड फोनांच्या मोजमापांतून काढलेले आयनांबराचे नकाशे मांडले. त्यांत भारतावरचे प्लाझ्मा बुडबुडे, म्हणजे इलेक्ट्रॉन विरळ झालेले पट्टे, हेही दिसले.

अमरावती जिल्ह्यातले, संत्र्यांच्या बागांचे वरूड सुमारे २१.५° उत्तर अक्षांशावर आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीजवळून जाते. तिथे दिवसा वर उचलला गेलेला प्लाझ्मा दोन्ही बाजूंना उतरतो आणि अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात त्याची दाटी होते. वरूड या दाटीच्या दक्षिण उतारावर येते. म्हणून युरोपच्या आकाशापेक्षा इथे मोजण्यासारखे पुष्कळ अधिक घडते. पन्हाळ्याहून रात्रदीप्तीच्या कॅमेऱ्याने असे बुडबुडे टिपले आहेत, पण त्याला निरभ्र, चांदणे नसलेली रात्र लागते. फोनला ढगांची अडचण नाही.

बारक्या अँटेनाचा, बहुतेक वेळ खिशात किंवा पत्र्याखाली असलेला फोन विज्ञानाच्या काय कामाचा, हा आक्षेप रास्त आहे. एका चौरस मीटरच्या स्तंभातले १०^१६ इलेक्ट्रॉन हे मोजणीचे एकक. एवढ्याने एल१ सुमारे १६ सेंमी. आणि एल५ २९ सेंमी. मागे पडतो, फरक अवघा १३ सेंमी. फोनची चूक ४ मी. धरली, तर ती ३० एककांची होते. मात्र अशा १०० स्वतंत्र मोजण्यांची सरासरी घेतली की ती ३ वर येते. सूर्य अधिक सक्रिय असताना दाटीच्या पट्ट्यात दुपारी शंभराच्या घरात एकके असतात. फोनच्या घडणीतूनच येणारी ठरावीक चूक मात्र सरासरीने जात नाही. ती काढायला ‘गगन’ या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीच्या नागपूर केंद्रासारखा पक्का आधार हवाच, त्यामुळे फोन हे केंद्रांना पर्याय ठरत नाहीत. खेड्यांत दोन्ही संदेश पकडणारे फोन विरळ आहेत, हेही खरे. पण एकेक बुडबुडा उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर पसरतो, तेव्हा अमरावती, वरूड, नागपूर इथली मोजमापे एकत्र जोडता येतात. खासगीपणाची भीतीही आवरता येते: मोजायची गोष्ट तीनशे किलोमीटरहून उंच असल्याने फोनधारकाचे ठिकाण काही किलोमीटरांनी पुसट केले तरी चालते. माझ्या मते खरी अडचण मालकीची आहे. वऱ्हाडच्या आकाशाची ही नोंद एका कंपनीकडे राहू नये. पुसट केलेल्या रूपात ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेला आणि अमरावतीच्या विद्यापीठाला नियमित मिळायला हवी.