'दोन्ही तोंडे जुळली'
दोन्ही टोकांकडून खणत आणलेल्या बोगद्याबद्दल हे शब्द लेखकाने ओघात लिहिले असले, तरी त्यामागची मेहनत मोठी आहे. स्वित्झर्लंडचा गॉटहार्ड बेस बोगदा ५७ किलोमीटरचा. डोंगराच्या पोटात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. बाहेरच्या पक्क्या खुणांवरून कोन आणि अंतरे मोजत रेषा आत न्यावी लागते. भिंतीलगतच्या ऊनगार हवेत प्रकाशकिरणही किंचित वाकतो, आणि ती चूक साठत जाते. म्हणून पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर दाखवणारा जायरोस्कोप वापरतात. याच बोगद्याच्या वाटेवरील सेद्रुन येथल्या ८०० मीटर खोल उभ्या विवरात तर ओळंबा सोडला होता. गवंड्याचाच ओळंबा, फक्त तार लांब! १५ ऑक्टोबर २०१० रोजी या बोगद्याच्या पूर्वेकडच्या नळीतला शेवटचा खडक फुटला, तेव्हा तफावत भरली आडवी ८ आणि उभी १ सेंटिमीटर. — संपा.