गांधीजींच्या नावाची पाटी आणि काउंटरमागची पोरं

बँकेत, विमा कार्यालयात, मोठ्या कापड दुकानात एक पाटी तुम्ही हमखास पाहिली असेल. गांधीजींचं चित्र आणि शेजारी मजकूर. आशय असा की ग्राहक हा आपला पाहुणा आहे आणि उपकार तो आपल्यावर करतोय, आपण त्याच्यावर नाही. काही पाट्यांवर खाली '१८९०, दक्षिण आफ्रिका' असंही लिहिलेलं असतं.

आता गंमत बघा. १८९० साली मोहनदास गांधी लंडनमध्ये होते. वय विशीतलं, कायद्याचा अभ्यास चालू. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाय ठेवला तो १८९३ मध्ये, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी. म्हणजे पाटीवरचं भाषण झालं तेव्हा वक्ता त्या खंडातच नव्हता. जवळपास हाच मजकूर सापडतो तो १९४१ सालच्या अमेरिकेत. 'प्रिंटर्स इंक' नावाचं जाहिरात धंद्याचं नियतकालिक होतं. त्यात स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागाच्या उपाध्यक्षाच्या नावावर तो छापला गेला. तिथून तो कसा कसा फिरत आपल्याकडे आला आणि बापूंच्या तोंडी बसला.

तुम्ही म्हणाल, वाक्य कुणाचंही असेना, चांगलंच आहे की! आहेच. पण ते कुणी कुणाला सांगितलंय हे बघा. गांधीजी ग्राहकाला किंवा व्यापाऱ्याला काही शिकवतायत असं यात नाही. विक्रीखात्याचा साहेब आपल्या हाताखालच्या माणसांना सांगतोय की गिऱ्हाईक कसंही वागलं तरी तुम्ही वाकायचं. पाटी मालकाची, वाकणारा मात्र नोकर. गेल्या पावणेदोनशे वर्षांची दुकानदारी बघितली तर 'ग्राहक राजा'ची सगळी गोष्ट इथेच येऊन थांबते.

सुरुवात पॅरिसची धरली जाते. १८५२ मध्ये अरिस्तिद बुसिको नावाचा माणूस 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार म्हणून आला. तोपर्यंत युरोपातही दुकानात शिरायचं म्हणजे काहीतरी घ्यायचंच, आणि भाव? घासाघीस करून जो ठरेल तो. बुसिकोने दारं उघडी टाकली. या, बघा, हात लावा, नको असेल तर जा. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. आणि घरी नेऊन पसंत पडलं नाही तर परत आणा, पैसे घेऊन जा. त्या काळात ही क्रांतीच होती. लोक तुटून पडले. पुढे शिकागोत मार्शल फील्डने तेच केलं. त्याच्याच दुकानात वाढलेल्या हॅरी सेल्फ्रिजने १९०९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपलं दुकान थाटलं. ग्राहक नेहमी बरोबरच असतो, हे घोषवाक्य याच दोघांच्या नावावर सांगितलं जातं. हॉटेलवाल्या सेझार रिट्झचंही तेच म्हणणं, की गिऱ्हाइकाची चूक कधी नसतेच.

या झगमगाटामागे काम करणारी पोरं कुठं राहत होती? दुकानाच्याच माळ्यावर. बाँ मार्शेतल्या अविवाहित मुलींना वरच्या मजल्यावरच्या खोल्या होत्या. इंग्लंडमध्ये कापड दुकानातल्या नोकरांनी मालकाच्याच जागेत राहायची रीत होती आणि बारीकसारीक चुकीला दंड. एच. जी. वेल्स हा मोठा लेखक १८८१ ते ८३ अशाच एका कापड दुकानात उमेदवारी करत होता. दिवसाला तेरा तास काम आणि रात्री बाकीच्या पोरांसोबत एका खोलीत झोपायचं. 'किप्स' या १९०५ सालच्या कादंबरीत त्याने तो सगळा अनुभव उतरवलाय.

मग दारं उघडी टाकल्यावर जे व्हायचं ते झालं. माल हाताला लागायला लागला तशी चोरीही व्हायला लागली, आणि चोर कोण निघाले तर चांगल्या घरच्या बायका. एमिल झोलाने १८८३ मध्ये अशाच एका अवाढव्य दुकानावर कादंबरी लिहिली, तिच्यात एक सरदारघराण्यातली बाई लेस चोरताना पकडली जाते. खऱ्या आयुष्यात १८९६ मध्ये लंडनला एक प्रकरण गाजलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चहाच्या व्यापाऱ्याची बायको. नवऱ्यासोबत युरोप फिरायला आलेली, पैशाला तोटा नाही. हिच्या सामानात दुकानांतून उचललेला माल सापडला, त्यात महागडी फरची वस्त्रंही होती. कोर्टात गुन्हा कबूल केला, तीन महिन्यांची शिक्षा झाली. आणि थोड्याच दिवसांत आजारपणाच्या कारणावरून सुटका! डॉक्टरांनी तेव्हा यावर एक शब्द तयारच ठेवला होता, क्लेप्टोमेनिया. चोरीचा आजार. पोल ड्यूब्युइसाँ या फ्रेंच डॉक्टरने १९०२ मध्ये मोठ्या दुकानांत चोऱ्या करणाऱ्या बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलं.

आजार खरा असू शकतो, नाही असं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तीच लेस दुकानातल्या पोरीने खिशात घातली असती तर तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नसतं. गिऱ्हाइकाने केला तर आजार आणि नोकराने केला तर गुन्हा, ही विभागणी तेव्हाची.

आपल्याकडे काय चाललं होतं? इंग्रजांच्या राज्यात साहेब लोकांचा एक रिवाज होता. रोख पैसे बाळगायचे नाहीत, दुकानात जायचं, माल उचलायचा आणि चिठ्ठीवर सही ठोकायची. बिल मागाहून. साहेबाची बदली झाली की दुकानदार चिठ्ठ्या कवटाळून बसायचा. व्हाइटअवे लेडलॉ नावाची मोठी कंपनी होती, कलकत्ता, मुंबई, पार सिंगापूरपर्यंत दुकानं. तिने ठरवलं की उधारी नाही म्हणजे नाही. तर साहेब लोकांनी तिच्या नावाचीच टिंगल सुरू केली, 'राइट-अवे अँड पेड-फॉर'. मराठीत सांगायचं तर 'इथल्या इथं पैसे मोज' कंपनी! राज्य करणाऱ्यांनाही रोख पैसे मागितलेले झोंबत होते. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आताच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, या कंपनीचं दुकान होतं. नंतर १९४६ मध्ये त्याच जागेत खादी भांडार आलं. गांधीजींचा आणि ग्राहकसेवेचा खराखुरा संबंध शोधायचाच असेल तर पाटीपेक्षा ही इमारत बरी.

आपल्या देशी बाजारात राजा वगैरे कुणी नव्हतं. दोघंही एकमेकांना पुरून उरणारे. सकाळची भवानी व्हायच्या आत दुकानात गेलं की दुकानदार गिऱ्हाईक सोडत नाही, हे आपल्या आज्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या भाव पाडायला नेमक्या त्याच वेळी जायच्या. दुकानदारही काही कमी नव्हता, 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच आला नाही. आणि 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणं' म्हणजे मराठीत काय, हे सांगायला नको. पण तो सामना मालक आणि गिऱ्हाईक असा समोरासमोर होता. उधारीची वही मालकाची, बुडाली तर त्याची. 'आज रोख उद्या उधार' ही पाटीही त्याचीच. पगारी नोकर या भांडणात नसायचा, किंवा असला तरी फडताळातून ठाणं काढून देण्यापुरता.

स्वातंत्र्यानंतर ग्राहकाची बाजू खरोखरच लंगडी होती, हे मान्य केलंच पाहिजे. टंचाई, भेसळ, साठेबाजी. रॉकेलला रांगा, तेलाला रांगा. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तो काही शौक नव्हता. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. या सगळ्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा.

मात्र खोटी गिऱ्हाइकं असतात हे कायदा करणाऱ्यांच्याही लवकरच ध्यानात आलं. १९९३ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या कलम २६ मध्ये तरतूद झाली, की तक्रार निव्वळ त्रास द्यायला केलेली निघाली तर तक्रारदाराकडून समोरच्याला दहा हजार रुपयांपर्यंत खर्च देववता येईल. पण हा 'समोरचा' म्हणजे पुन्हा मालकच. कायद्यात ग्राहक आहे, व्यापारी आहे, उत्पादक आहे. दिवसभर उभं राहून माल दाखवणारी, शिव्या खाणारी पोरगी त्यात नाही.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात आता काय चित्र आहे ते सांगतो. पूर्वी साड्या 'पसंतीला' घरी न्यायची पद्धत होती. पाच न्यायच्या, दोन ठेवायच्या, तीन परत. सगळा विश्वासाचा मामला. आता लग्नसराई संपली की साड्या परत यायला लागतात. पदराला अत्तराचा वास, निऱ्यांची घडी मोडलेली, एखादीला हळदीचा डाग. 'नेसलीच नाही हो' हे वर. सेल्सगर्लने डाग दाखवला की आवाज चढतो. मालकाला बोलव, मला ओळखतेस का, आमचे भाऊजी नगरपालिकेत आहेत. नवीन हत्यार म्हणजे मोबाईल, काढला की 'रिव्ह्यू टाकते' म्हणून दम. मालक येतो, हसतो, साडी परत घेतो आणि चहा मागवतो. त्याचं गणित पक्कं आहे, त्या घरात अजून दोन लग्नं व्हायचीत. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे त्यालाही दिसत असतं. महिनाअखेरीला मात्र त्या साडीचे पैसे कुणाच्या तरी पगारातून गेलेले असतात. सात-आठ हजार पगारातून बाराशे गेले म्हणजे काय होतं ते त्या घराला विचारा.

ही बातमी स्थानिक पेपरात का येत नाही? दिवाळी अंकाच्या आणि पाडव्याच्या पानभर जाहिराती कुठून येतात, त्यात उत्तर आहे. पुढे बोलायची गरज नाही.

आता पुन्हा त्या पाटीकडे येऊ. अमेरिकेच्या मेन राज्यात एल. एल. बीन नावाची बूट आणि कपड्यांची जुनी कंपनी आहे. तिच्याकडेही तो 'ग्राहक म्हणजे कोण' छाप मजकूर वर्षानुवर्षं लावलेला. कंपनीची जन्मकथा मोठी छान आहे. १९१२ मध्ये मूळ मालकाने शिकारीचे शंभर जोड बूट विकले, त्यातले नव्वद शिवण उसवून परत आले. त्याने प्रत्येकाचे पैसे परत केले, शिवण सुधारली आणि धंदा उभा केला. त्यातून नियम झाला की आमची वस्तू कधीही परत आणा, कितीही वर्षांनी. शंभर वर्षं हा नियम टिकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये मूळ मालकाच्या पणतूने पत्र काढून तो बंद केला. कारण? लोक जुन्या बाजारातून, शेजाऱ्यांच्या भंगारातून या कंपनीचे झिजलेले बूट विकत आणायचे आणि दुकानात देऊन नवे घेऊन जायचे. पाच वर्षांत पंचवीस कोटी डॉलरचा फटका बसल्याचं कंपनीने सांगितलं. आता मुदत एक वर्ष, आणि पावती दाखवा. म्हणजे ग्राहकाला देव मानणारी पाटी लावणाऱ्यांनीही शेवटी 'पावती कुठाय' हे विचारलंच.

पण तिथं निदान तोटा कंपनीच्या वहीत दिसला, म्हणून नियम बदलला. आपल्याकडे तो नोकराच्या पगारात मुरतो. मालकाच्या वहीत काही दिसतच नाही, मग तो नियम कशाला बदलेल?

जगात हळूहळू तिसऱ्या माणसाकडे लक्ष जायला लागलंय. स्कॉटलंडने २०२१ मध्ये दुकान कर्मचाऱ्यांवर हल्ला करणं, त्यांना धमकावणं हा वेगळा गुन्हा ठरवला. टोकियोत १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांनी कर्मचाऱ्यांना छळण्याविरुद्ध स्थानिक कायदा लागू झाला. दंड नाही त्यात, पण ज्या जपानात ग्राहकाला देव म्हणतात तिथं हे लिहिलं गेलं, हे थोडं नाही. आपल्या देशात केरळमधल्या कापड दुकानांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं झगडून २०१८ मध्ये कामाच्या वेळी बसण्याचा हक्क कायद्यात आणला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला. हो, बसण्याचा हक्क! गिऱ्हाईक नसतानाही उभंच राहायचं, कारण बसलेली मुलगी दिसली तर दुकान आळशी दिसतं, असा मालकांचा समज.

आणि पगार कापण्याबद्दल. १९३६ च्या वेतन कायद्यापासून एक तत्त्व आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर माल त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेलं हवं, झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. गिऱ्हाइकाने नेसून आणलेली साडी मालकाने स्वतः हसत परत घेतली, तर त्यात सेल्सगर्लची हयगय कुठली? कपात झाली असेल तर कारण लेखी मागा आणि पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथं अर्ज करता येतो.