विझलेल्या दलांचे बंब

‘बंब’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून आला. बोंबा म्हणजे पंप. न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचा बंब आणि आगीवर धावून जाणारा लाल बंब ही एकाच शब्दाची लेकरं. इंग्रजी बोलणारा त्या लाल गाडीकडे पाहून इंजिन म्हणतो किंवा ट्रक म्हणतो. मराठी माणूस मात्र नकळत तिच्या काळजाचं नाव घेतो. चाकं, शिडी, घंटा, भोंगा हे सगळं मागाहून आलं, मूळ वस्तू पंपच. अमेरिकेत बंद पडलेल्या स्वयंसेवक दलांचे बंब जिवापाड जपणारी माणसं आहेत, तीही आधी विचारतात ते पंपाचंच: पाणी फेकतो का अजून?

हे कूळ फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाच्या कारागिराने दोन नळकांडी, दोन दट्टे आणि झडपा यांचा दाबपंप केला. एक दट्ट्या वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे पाणी येत राहतं. तरीही ते धक्क्याधक्क्याने यायचं. सतराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या हान्स हाउत्शने पंपाला हवेची बंद कोठी जोडली. आत दबलेली हवा पाण्याला सारखी रेटत राहते आणि धार अखंड होते. पण धार सुटायची ती यंत्रावरच बसवलेल्या धातूच्या तोटीतून, म्हणून यंत्र आगीच्या तोंडाशी न्यावं लागे. ती अडचण सोडवली एका चित्रकाराने. अ‍ॅमस्टरडॅमच्या यान व्हान डर हेडनने भावाच्या मदतीने 1672 च्या सुमारास चामड्याची लवचिक नळी पंपाला लावली. माणूस नळी घेऊन घरात शिरू लागला आणि यंत्र रस्त्यावर सुरक्षित राहिलं.

लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने 1721 आणि 1725 मध्ये अशा हातपंपांची पेटंटं घेतली. त्याचे दोन बंब 1731 मध्ये समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोचले. पाच वर्षांनी, 7 डिसेंबर 1736 रोजी, फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या शेजाऱ्यांनी ‘युनियन फायर कंपनी’ काढली. कंपनी म्हणजे इथे धंदा नव्हे, मंडळ. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला थैल्या स्वखर्चाने बाळगायच्या आणि हाक आली की धावायचं. पगार नाही. स्वयंसेवक दलांची अमेरिकी परंपरा इथून रुजली, आणि आजही त्या देशातले बहुतेक अग्निशामक स्वयंसेवकच आहेत.

या मंडळांचा बंबावर एवढा जीव का, हे समजायला हातपंपाचं काम कसं चाले ते पाहायला हवं. पंपाच्या दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे असत. दोन्हीकडे माणसं ओळीने उभी राहत आणि दांडा आळीपाळीने वर-खाली करत. मिनिटाला साठ हेलकावे ही चांगली गती. त्या गतीने धट्टीकट्टी माणसंही काही मिनिटांत थकत, म्हणून ताज्या दमाची फळी मागे तयारच असे. नायक बंबावर चढून पितळी कर्ण्यातून ओरडत ताल धरायचा. आग पाण्यापासून लांब असेल तर बंबांची साखळी लागे. नदीकाठचा बंब पुढच्याच्या हौदात पाणी ढकलायचा, तो त्याच्या पुढच्याच्या. मागच्याने जोर केला आणि पुढच्याला ते पाणी पुढे ढकलता आलं नाही, तर पुढच्याचा हौद भरून रस्त्यावर वाहायचा. त्याला ‘धुतला जाणं’ म्हणत. असा धुतला गेलेला बंब ही साऱ्या मंडळाची बेअब्रू. कधीच न धुतल्या गेलेल्या बंबाचा मान वेगळा. त्याच मानापोटी बंबाच्या पट्ट्या चित्रकारांकडून रंगवून घेत. जॉन क्विडोरसारख्या नावाजलेल्या चित्रकारानेही न्यूयॉर्कच्या बंबांवर कुंचला चालवला. अशा कित्येक पट्ट्या आज संग्रहालयात आहेत, त्यांचे बंब मात्र उरले नाहीत.

या ईर्ष्येला काळी बाजूही होती. नळाचा ताबा आधी कोणाचा, यावरून मंडळांमध्ये हाणामाऱ्या होत आणि तोवर घर जळत राही. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध पुढारी विल्यम ट्वीड हा ‘अमेरिकस’ या सहा नंबरच्या कंपनीचा नायक म्हणूनच आधी पुढे आला. त्या बंबावरचा वाघ पुढे त्याच्या पक्षगटाचं चिन्ह झाला. पॉल हॉजने 1841 मध्ये न्यूयॉर्कला वाफेचा बंब करून दाखवला, तो स्वयंसेवकांनी चालू दिला नाही. वाफ आली की दांड्यावरच्या चाळीस-पन्नास माणसांची गरज संपते, हे त्यांना कळत होतं. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही, पण त्यांचं चुकलंच.

सिनसिनाटीत ते झालंच. अलेक्झांडर लाटा आणि एबल शॉक यांनी बांधलेला वाफेचा बंब तिथे चालला, आणि 1853 मध्ये त्या शहराने पगारी दल उभं केलं. न्यूयॉर्कची स्वयंसेवक दलं 1865 च्या कायद्याने मोडली, फिलाडेल्फियाची 1871 मध्ये. हजारो माणसांच्या हातातला दांडा सुटला.

जुना बंब जपण्याची रीत जन्मली ती इथे. बरेच हातपंप लहान गावांनी स्वस्तात घेतले आणि पुढे कित्येक वर्षं वापरले, म्हणूनच ते भंगारात गेले नाहीत. इकडे शहरांतल्या जुन्या स्वयंसेवकांनी निवृत्त अग्निशामकांच्या संघटना काढल्या. त्यांनी असे बंब शोधून आणले आणि न्यू इंग्लंडच्या गावागावांत धार फेकण्याचे सामने भरवले. लांबलचक कागद अंथरायचा, दांड्यावर माणसं उभी करायची आणि कागदावर सर्वांत दूर पडलेला थेंब मोजायचा. हे सामने आजही होतात. त्यांत उतरणारे बंब पुष्कळदा बोस्टनच्या हनमनच्या किंवा वॉटरफर्डच्या बटनच्या कारखान्यातले, दीड-दीडशे वर्षांचे. सामना आहे म्हणून दट्ट्याचं चामडं तेल पाजून मऊ ठेवावं लागतं, झडपा घासाव्या लागतात, लाकडी हौद भिजवून फुगवावा लागतो. काचेआड ठेवलेल्या बंबाचं चामडं वाळून तडकतं आणि ते कोणाला कळतही नाही. म्हणून जतनाच्या साऱ्या पद्धतींत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते.

न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी स्वयंसेवकांनी आपल्या म्हाताऱ्या सोबत्यांसाठी आश्रम बांधला आणि त्याच आवारात संग्रहालय केलं. न्यूशॅमचा अठराव्या शतकातला बंब तिथे आहे. म्हातारी माणसं आणि म्हातारे बंब एकाच आवारात ठेवायचं ज्यांना सुचलं, त्यांना नमस्कार.

मोटारबंबांची पाळी पुढच्या शतकात आली. सिनसिनाटीच्या आरेन्स-फॉक्स कारखान्याचं कूळ थेट लाटापर्यंत जातं. त्यांच्या बंबाच्या नाकावर पंप आणि पंपावर एक मोठा चकचकीत गोळा असे. पाहणाऱ्याला तो शोभेचा वाटतो, पण ती हाउत्शची हवेची कोठीच आहे. जॉर्ज गेट्झ या उद्योजकाला 1955 मध्ये पत्नीने 1924 सालचा अमेरिकन लाफ्रान्स बंब भेट दिला. त्या एका भेटीतून ‘हॉल ऑफ फ्लेम’ हे संग्रहालय उभं राहिलं, आधी विस्कॉन्सिनमध्ये आणि पुढे अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये 1958 साली जुन्या बंबांच्या शौकिनांची संघटना निघाली. तिच्या शाखा आता देशभर आहेत.

आज गावातली तरुण मुलं शहरात जातात, शेजारची दलं एकमेकांत मिसळतात, आणि एखादं दल कुलूप लावतं. शेडमध्ये दोन-तीन बंब उरतात. गावजेवणं घालून, वर्गणी काढून घेतलेले. इथे दिरंगाई घात करते. दल मिटण्याआधीच बंब कोणाच्या नावावर जाणार हे ठरलं नाही तर लिलाव होतो, आणि नवा मालक सर्वांत आधी दारावरचं गावाचं नाव खरवडून टाकतो. सोन्याच्या वर्खातली ती अक्षरं हाच त्या बंबाचा जन्मदाखला. नवा लाल रंग चढवून तो आरशासारखा करणाऱ्यांचं कौतुक होतं. मला मात्र फिकट, ओरखड्यांचा, मूळ अक्षरांचा बंब जास्त मोलाचा वाटतो. रंग पुन्हा देता येतो, मूळ रंग पुन्हा आणता येत नाही.

जपणाऱ्याचं रोजचं काम साधं आहे. हिवाळ्याआधी पंपातला पाण्याचा थेंब न् थेंब काढायचा, नाहीतर गोठलेलं पाणी ओतीव लोखंड फोडतं. इंजिन अधूनमधून चालवायचं, टायरवरचा भार उतरवून ठेवायचा, वर्षातून एकदा तळ्यातून पाणी ओढून धार सोडायची. आणि बंबाची वही, दुरुस्तीच्या पावत्या, कारखान्याच्या पितळी पट्टीवरचा क्रमांक हे सगळं बंबाबरोबरच ठेवायचं.

आपल्याकडेही नगरपालिकांच्या आणि जुन्या गिरण्यांच्या आवारात असे बंब गवतात उभे असतात. तुमच्या गावात एखादा असेल तर लिलावाची नोटीस लागण्याआधी जा. त्याच्यावरच्या अक्षरांचे फोटो काढा, पट्टीवरचा क्रमांक लिहून घ्या, आणि तो ज्यांनी चालवला त्या निवृत्त जवानांना गाठून त्यांच्याकडून सगळं ऐकून घ्या.