रिकामा स्लॉट

शाळेत असताना बाबांनी घरी तयार डेस्कटॉप आणला. दोन वर्षांत तो रडतखडत चालू लागला. “उघडू नकोस, बिघडेल,” बाबा म्हणाले. मी उघडलाच. रिकाम्या स्लॉटमध्ये रॅमची पट्टी बसवली आणि तो बारावीपर्यंत पुरला.

हे जमलं त्याचं मूळ १२ ऑगस्ट १९८१ला आहे. त्या दिवशी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. किंमत १,५६५ डॉलरपासून, मेमरी फक्त १६ केबी. पण आत पाच स्लॉट होते. सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचा कोड असलेलं मॅन्युअलही विकत मिळायचं, त्यामुळे इतरांना कार्डं बनवता आली. कोड उचलायला कॉपीराइट आडवा होता. कॉम्पॅकने तो न पाहिलेल्या इंजिनिअरांकडून नवा बायॉस लिहून घेतला. आयबीएमची पकड सुटली, सुट्या पार्टांचा बाजार वाढला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल्ड’ मशीन मिळतं ते त्यामुळेच.

आज काही तयार पीसींत मदरबोर्ड, एसएमपीएस कंपनीच्याच मापाचे असतात; काही मिनी पीसींत रॅम सोल्डर केलेली. म्हणून घेताना प्रोसेसरच्या आधी विचारा: रॅमचा स्लॉट रिकामा आहे का? एसएमपीएस एटीएक्स मापाचा आहे का?